उन्हाळ्यात गाय धापा टाकायला लागली की काय करायचं

मार्च संपत आला की जो तो एकच विचारतो, दूध का उतरलं. चारा तोच, पेंड तीच, आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) गाय १८ लिटरवरून १४ वर. पण कॅनमध्ये दूध कमी दिसतं त्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच गाय सांगत असते, आपलं लक्ष नसतं एवढंच. म्हणून सुरुवात कॅनपासून नाही, गाईच्या कुशीपासून करायची.

दुपारी दोन-तीनला गोठ्यात जा, गाईला हुसकावू नका, जरा बाजूला उभं राहा आणि मोबाईलवर टायमर लावून कूस किती वेळा हलते, म्हणजे श्वास किती होतात, ते पूर्ण एक मिनिट मोजा. गार वेळेला २० ते ३० भरतात. ६० च्या वर गेलं की तिला उष्णतेचा ताण बसतोय हे पक्कं. ९० च्या पुढं, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेच्या तारा लोंबतायत, असं दिसलं तर मोजत बसू नका, पाणी मारायला घ्या आणि डॉक्टरला फोन लावा. ताप बघायचा तर १०१-१०२ फॅरनहाइट नॉर्मल, १०४ च्या वर म्हणजे काम बिघडलंय. अजून एक खूण, गाय बसतच नाही. उभं राहिलं की चहूबाजूंनी अंगाला वारा लागतो म्हणून ती उभीच राहते, आपल्याला वाटतं काय तरतरीत आहे.

आता धापा टाकल्यानं आत काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. भराभरा श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलीकडं झुकतं, ते सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात. आणि गंमत बघा, हेच बायकार्बोनेट एरवी लाळेतून पोटात जाऊन तिथलं आम्ल शांत करत असतं. म्हणजे एक तर ते लघवीतून गेलं, वर लाळ जमिनीवर गळतेय, त्यात गाय वैरण बाजूला सारून पेंडच निवडून खाते, मग पोटात ॲसिडिटी होणार नाही तर काय. डेअरीवर दुधाला फॅट लागत नाही म्हणून भांडण होतं त्याचं मूळ बऱ्याचदा इथं असतं. म्हणून उन्हाळ्यात रोज १०० ग्रॅमच्या आसपास खायचा सोडा दोन वेळच्या पेंडीत विभागून देतात, सोबत मिनरल मिक्श्चर (गाईच्या घामातून आपल्यासारखं नुसतं मीठ नाही, पोटॅशियमही बरंच जातं). नेमका डोस तुमच्या गाईचा खुराक बघून डॉक्टरलाच विचारा.

पाण्याचं सांगतो. कुत्रं जिभेनं लपलप करत पितं, गाय तसं पित नाही. ती ओठ पाण्यात बुडवते, नाकपुड्या वर ठेवते आणि सरळ ओढून घेते, मिनिटाला १०-१५ लिटर सहज. त्यामुळे हौदात तळाशी चार बोटं पाणी असलं तर ते तिच्या उपयोगाचं नाही, नीट ओढताच येत नाही. वीतभर तरी खोल पाणी कायम पाहिजे. अर्ध्या इंची पाइपाचा बारीक नळ आणि चार गाया एकदम आल्या की दांडगी पिते, गरीब गाय मागं राहते. धार काढून झाल्या झाल्या त्या सगळ्यात जास्त पितात, तेव्हा हौद भरलेला हवा म्हणजे हवाच. २० लिटर दूध देणारी गाय कडक उन्हात दिवसाला १०० लिटरच्या घरात पाणी पिते, दिवसातून दोनदा बादली दाखवून भागत नाही. हौद सावलीत घ्या, शेवाळ घासून काढा, पंधरा दिवसांनी आतून चुना मारा. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचं पाणी तुम्ही तरी प्याल का?

अंगावर पाणी मारायचं तर इथंच जास्त लोक चुकतात, मीही चुकलो. पहिल्या वर्षी हौसेनं फॉगर लावले, ऊन येऊ नये म्हणून बाजूंना ताडपत्री बांधली, आणि दुपारी मोजलं तर श्वास आधीपेक्षा जास्त! धुकं केसांच्या वरवरच बसलं होतं, बोट घालून बघितलं तर आत कातडी कोरडी, आणि गोठ्यात नुसता दमट कोंडारा. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन उडालं तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, तेच लिटर नुसतं १० डिग्री तापून खाली ओघळलं तर फक्त १०. म्हणजे थंडावा पाण्यानं नाही, पाणी उडाल्यानं येतो, आणि उडायला वारा लागतो. त्या दिवशी ताडपत्री सोडली, मोठ्या थेंबाचा स्प्रिंकलर घेतला, एक-दोन मिनिटं कातडीपर्यंत भिजवायचं, मग दहा-बारा मिनिटं नुसता पंखा, परत तेच. पाणी कासेवर ओघळू देऊ नका, ओल्या कासेनं शेणात बसली की दगडी (कासेच्या सुजेचा आजार) झालीच म्हणून समजा. ओलं गोणपाट पाठीवर टाकून ठेवणं पण बंद करा, वारा नसला तर ते गोधडीचं काम करतं, गोणपाट बाजूला पडद्यासारखं लटकवा. विदर्भातल्या कोरड्या हवेत हे सगळं झकास चालतं, कोकणात हवाच दमट, तिथं पंख्यावर जास्त भर द्या.

म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी, रंग काळा, केस विरळ, त्यामुळे उन्हात ती लगेच तापते. डुंबायला मिळालं तर उत्तम, अंगावरचा चिखल बराच वेळ ओला राहतो हा त्यातला फायदा. डबकं नसेल तर दुपारी दोन-तीनदा धुवा. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका राहतो, म्हणजे वरून खुणा नीट दिसत नाहीत, तो रात्री-पहाटे बघावा लागतो.

वैरण मुख्यतः संध्याकाळी उशिरा आणि पहाटे टाका, पचनाची उष्णता भर दुपारी नको.

आणि दोन गोष्टी अजिबात करू नका. धापा टाकणाऱ्या जनावराचं तोंड वर करून, जीभ धरून बाटलीनं काही पाजू नका, पाणी फुप्फुसात जातं, ठसका लागतो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. पिण्याची इच्छा असेल तर बादली समोर ठेवा, नसेल तर सलाईन डॉक्टर लावतील. दुसरं, दिवसभर पाण्यावाचून बांधलेल्या वासराला एकदम पोटभर पिऊ देऊ नका. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. थोडं थोडं, अर्ध्या-अर्ध्या तासानं द्या. एकदम ढोसलं तर रक्त पातळ होऊन तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते, वासरू झोकांड्या खातं. लाल लघवी दिसली तर पाणी बाजूला करा आणि डॉक्टर येईपर्यंत वासराला सावलीत ठेवा.