ड्रोनने रेडिओ सिग्नल कुठून येतोय ते शोधताना या चुका टाळा

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा फॉक्स हंट माहीत असेल, झुडपात छोटा बीकन (बीप पाठवत राहणारा ट्रान्समीटर) लपवायचा आणि हातात यागी अँटेना (एकाच दिशेचा सिग्नल जोरात पकडणारी) घेऊन तो शोधत फिरायचं. हेच काम ड्रोनवर केलं की झाडं, बांध आड येत नाहीत आणि सिग्नल खूप लांबून मिळतो. पण पहिल्यांदा करणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं, ते म्हणजे ड्रोनचा स्वतःचाच रेडिओ गोंगाट.

आमचंही तेच झालं. जमिनीवर १४५ मेगाहर्ट्झची बीप खणखणीत, मोटर चालू केल्या की गायब. दोन तास अँटेनाच उलटसुलट करून बघत बसलो. मग लॅपटॉपवर वॉटरफॉल (सिग्नलचा जोर रंगात दाखवणारा सरकता आलेख) नीट बघितला तर थ्रॉटल वाढवला की अख्खा पडदा पिवळट होत होता आणि बीपची बारीक रेघ त्यात बुडत होती. दोष ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा होता. म्हणून उडवायच्या आधी प्रॉपेलर काढून मोटर फिरवा आणि पडदा बघा. अँटेना दांडीवर लांब न्या, वायरींना फेराइट (गोंगाट अडवणारी कडी) लावा, कॅमेरा लागत नसेल तर बंदच ठेवा.

आरटीएल-एसडीआर (यूएसबीला लावायचा स्वस्त रिसीव्हर) वापरत असाल तर ऑटो गेन, म्हणजे सिग्नल आपोआप कमी-जास्त वाढवणं, आधी बंद करा, कारण तो चालू असला की सिग्नल कमी झाला का जास्त हे कळतच नाही. आणि बीकन जवळ आला की गेन हाताने कमी करत जायचा, नाहीतर रिसीव्हर भरून जातो आणि चारही दिशांना सारखाच जोर दिसतो.

दिशा शोधायला ड्रोन जागेवर गोल फिरवताना घाई नको. बीप सेकंदाला एक असेल आणि तुम्ही १० सेकंदात चक्कर पूर्ण केली तर ३६ अंशांमागे एकच रीडिंग मिळतं, त्यात दिशा काय कळणार? ४५ सेकंद घ्या, मग ८ अंशांवर येता. तीन एलिमेंटच्या (दांड्यांच्या) यागीवर सिग्नल सगळ्यात जोरात येतो तो पट्टा पसरट असतो त्यामुळे सगळ्यात मोठ्या आकड्यामागे लागू नका, दोन्ही बाजूंना सिग्नल सारखाच कमी होतो ते दोन कोन घ्या आणि त्यांचा मध्य काढा. कंपासही तपासा, मोटरच्या वायरींमधल्या करंटने तो सरकतो. आम्ही समोर दिसेल असा बीकन २०० मीटरवर ठेवून दिशा किती चुकते तेवढंच आधी मोजतो.

५ अंशांची चूक १ किलोमीटरवर जवळजवळ ८७ मीटर होते. त्यामुळे दुसरं रीडिंग त्याच रेषेत पुढे जाऊन नाही, बाजूला जाऊन घ्या, दोन रेषा काटकोनाच्या जवळपास छेदल्या पाहिजेत. कड्याजवळ असाल तर तिसरं घ्याच, कातळावरून आपटून आलेला सिग्नल भलतीच दिशा दाखवतो.

नियमांचं थोडक्यात, बीकन लावायला हॅम लायसन्स लागतं, आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला परवानगी लागत नाही) ४०० फुटांपर्यंतच. झोनचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर बघून घ्या.

अजून एक, यात आम्ही फार वेळ घालवला. बीकनची अँटेना उभी असेल तर तिच्या बरोबर डोक्यावर सिग्नल कमी होतो, वाढत नाही. आम्ही दोनदा तिथूनच गेलो, दोन्ही वेळा सिग्नल कमी झाला म्हणून चुकलो असं समजून ड्रोन मागे वळवला, आणि बीकन खालच्या करवंदीच्या जाळीतच होता.