‘पीएलआयवाला’ शेअर घेण्याआधी: परचेसवाल्याची तपासणी

भोसरीत पार्ट्सच्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं परचेस सांभाळलं. शेअर घेतानाही तीच खोड: माल येतो कुठून आणि पैसे हातात पडले का? पीएलआय, म्हणजे उत्पादन वाढवणाऱ्या कंपन्यांना सरकार देतं ते प्रोत्साहन, घेणाऱ्या कंपन्यांना तर हे प्रश्न आधी.

ही खोड एकदाच सोडली. २०२२ मध्ये सबसिडीवर चालणाऱ्या एका ई-स्कूटर कंपनीचा शेअर घेतला, नाव राहू दे. १ जून २०२३ पासून फेम-२ चं, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या केंद्राच्या योजनेचं, अनुदान बॅटरीच्या दर किलोवॉट-तास क्षमतेला १५,००० वरून १०,००० रुपयांवर आलं. कमाल मर्यादाही गाडीच्या फॅक्टरी किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ वर. माझे निम्मे पैसे गेले. बायकोला अजून पूर्ण आकडा ठाऊक नाही.

आता असं करतो. वार्षिक अहवाल डाउनलोड करायचा, अध्यक्षांचं पत्र ओलांडायचं आणि सर्चमध्ये ‘ग्रँट’ व ‘इन्सेंटिव्ह’ शोधायचं. तो आकडा करपूर्व नफ्यातून वजा करायचा. मोबाइलच्या पीएलआयमध्ये २०१९-२० च्या वर जी वाढीव विक्री होईल, तिच्यावर ४ ते ६ टक्के मिळत होते. जोडणीच्या धंद्यात मार्जिन मुळातच एवढंसं, त्यामुळे वजाबाकीनंतर कधी कधी काहीच उरत नाही. मग सरकारकडून येणं असलेली रक्कम दोन वर्षांची शेजारी मांडा. ती फुगत चालली असेल, तर नफा कागदावर आहे, बँकेत नाही. पुरवठादाराचं पेमेंट अडलं की आम्ही काय ऐकायचो ते आम्हालाच ठाऊक.

खरा वेळ द्या कच्च्या मालाला. ४ एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मिळ मृद्धातूंवर (रेअर अर्थ) निर्यात परवाना लावला. त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते. मोटरच्या चुंबकात ते किरकोळ प्रमाणातच लागतात, पण गरम झाल्यावर चुंबकाचा जोर टिकतो तो त्यांच्यामुळे. जुलैत बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी उघड सांगितलं, की ऑगस्टमध्ये आपलं इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. कारखाना इथला, मागणी इथली, सरकारचं धोरण बाजूनं. अडलं एका बारक्या पार्टापाशी. म्हणून कंपनीच्या गुंतवणूकदारांसोबतच्या कॉन्फरन्स कॉलचा उतारा वाचताना मी एवढंच शोधतो: दुसरा पुरवठादार आहे का, आणि तो मंजूर झालेला आहे की अजून सॅम्पलच तपासतायत? सॅम्पल ते मंजुरी हे अंतर आमच्याकडे सहज वर्षभराचं असायचं. ‘पर्याय शोधत आहोत’ म्हणजे पर्याय नाही.

कंपनीला प्रोत्साहन देणारी योजना संपते कधी, तेही बघा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन क्षमतेची. घोषणेवर उड्या मारू नका. सात वर्षांतली पहिली दोन कारखाना उभारण्यात जाणार, विक्रीवरचं प्रोत्साहन त्यानंतर. मी पहिल्या मालाचा ग्राहक कोण, हे कळेपर्यंत एफडीत आहे.