नव्या लॅपटॉपवरील विंडोज ११ काढून विंडोज १० बसवताना

गणपतीच्या आधीचा महिना कोकणातील छापखान्यांसाठी सर्वांत धावपळीचा असतो. वर्गणीची पावतीपुस्तके, मंडळांची निमंत्रणे आणि भजनस्पर्धांची पत्रके एकदमच येऊन पडतात, आणि नेमका त्याच दिवसांत पावसाळी दमटपणाने जुना संगणक मान टाकतो. घाईने घेतलेला नवा लॅपटॉप विंडोज ११ घेऊन येतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेले मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर त्यावर उघडत नाही किंवा त्याचे यूएसबी लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीत लावावी लागणारी चावी) ओळखले जात नाही, आणि मग ‘यावर जुने विंडोज टाकून द्या’ अशी मागणी होते. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात हे काम मी बऱ्याचदा केले आहे. प्रत्यक्ष विंडोज बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. दिवस जातो तो आधीच्या तयारीत आणि नंतरच्या ड्रायव्हरमध्ये (यंत्राचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम), म्हणून येथेही त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

सर्वप्रथम, जुने विंडोज बसवल्याने अडलेले काम खरोखर सुटणार आहे का, हे तपासावे. ६४ बिट (आजच्या रचनेच्या) विंडोजवर ३२ बिट (जुन्या रचनेचा) प्रोग्रॅम चालतो, मात्र ३२ बिट ड्रायव्हर चालत नाही आणि १६ बिट (त्याहूनही जुना) प्रोग्रॅम तर मुळीच उघडत नाही. हा नियम विंडोज १० आणि ११ या दोघांनाही सारखाच लागू आहे. त्यामुळे लॉकचा ड्रायव्हर केवळ ३२ बिटचा असेल, तर ६४ बिट विंडोज १० बसवून काहीही साधत नाही. ‘मग ३२ बिटचे विंडोज १० बसवू’ हा विचारही नव्या यंत्रावर बहुधा फसतो, कारण त्यांतील ६४ बिट यूईएफआय (विंडोजच्या आधी सुरू होणारा, यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम) ३२ बिट विंडोज सुरूच करत नाही आणि जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय उत्पादकांनी बहुतेक ठिकाणी काढून टाकली आहे. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनमध्ये (चालू विंडोजच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) जुने विंडोज चालवणे, अथवा जुन्या हिशेबाच्या डॉस प्रोग्रॅमसाठी डॉसबॉक्स वापरणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

आणखी एक गोष्ट आधी करून पाहावी. नव्या लॅपटॉपवर विंडोज सिक्युरिटीतील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय बहुधा सुरू असते आणि ती काही जुन्या ड्रायव्हरांना अडवते. ती बंद करून, लॅपटॉप पुन्हा सुरू करून, लॉक लावून पाहिले असता काम भागले, अशी उदाहरणे माझ्याकडे आहेत. संरक्षणाचा एक थर त्यामुळे कमी होतो हे खरे, पण संपूर्ण कार्यप्रणाली मागे नेण्यापेक्षा ही किंमत थोडी आहे. शिवाय लॉकचा धातूचा भागही नीट पाहावा. खाऱ्या हवेने त्यावर हिरवट पुटे चढतात. एकदा खोडरबराने तो घासून काढताच विंडोज ११ वरच लॉक ओळखले गेले आणि मी पेनड्राइव्ह खिशात घालून परत आलो.

विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची विस्तारित सुरक्षा-अद्यतनांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे आणि तिच्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. म्हणून ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे होतात, त्यावर मी जुने विंडोज बसवून देत नाही; केवळ मजकूर जुळवणीसाठी असलेल्या आणि एरवी इंटरनेटपासून दूर ठेवता येईल अशा यंत्रापुरतेच ते मान्य करतो. विंडोज ७ ची मागणीही अधूनमधून होते. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला असून त्याच्या मूळ सेटअपमध्ये यूएसबी ३ आणि एनव्हीएमई (नव्या वेगवान प्रकारच्या) डिस्कचे ड्रायव्हरच नाहीत, तेव्हा नव्या लॅपटॉपवर त्याचा नाद सोडावा.

परवान्याचा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोज ११ प्रोच्या परवान्यात विंडोज १० प्रोवर मागे जाण्याचा हक्क असतो. होम आवृत्तीत तो नसतो. आपली आवृत्ती कोणती, हे सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ आणि त्याखालील ‘अबाउट’ येथे दिसते. होम असल्यास विंडोज १० चा वेगळा परवाना हाताशी असल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आता तयारी. किमान ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ तयार करावा आणि त्यात सिस्टिम फायलींचा समावेश करण्याची खूण कायम ठेवावी, म्हणजे प्रयोग फसल्यास लॅपटॉप दुकानातून आला तसा करता येतो. विंडोज १० वरून ११ वर गेलेल्यांना दहा दिवसांत मागे फिरण्याचे जे बटण मिळते, ते मुळातच विंडोज ११ असलेल्या यंत्राला मिळत नाही, त्यामुळे त्या बटणावर विसंबून राहू नये. लॅपटॉप काही दिवस वापरलेला असेल तर सर्व फायली बाह्य हार्डडिस्कवर उतरवाव्यात. नंतर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद करणारी सोय) सुरू आहे का ते पाहावे. असल्यास आधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण ते सुरू असताना यूईएफआयमधील मांडणी बदलताच विंडोज ती की मागू शकते; मग ते बंद करून डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे.

यानंतर लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर विंडोज १० चे ड्रायव्हर दिले आहेत का, हे शोधावे. वाय-फाय, टचपॅड, ध्वनी आणि ग्राफिक्स यांपैकी काहीच सापडत नसेल, तर बेत रद्द करावा. स्नॅपड्रॅगनसारखा एआरएम (इंटेलहून वेगळ्या रचनेचा) प्रोसेसर असलेल्या यंत्राच्या वाटेला जाऊच नये. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अनेक प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) असतात आणि त्यांच्यात काम वाटण्याची कला विंडोज ११ ला अधिक चांगली साधते. विंडोज १० त्यावर चालते, पण यंत्राचा पुरेपूर उपयोग होत नाही.

डिस्कच्या ड्रायव्हरबद्दल मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका छापखान्यात सेटअप सुरू केला, डिस्क निवडण्याचा पडदा आला आणि यादी कोरी. नव्या लॅपटॉपची डिस्कच बिघडलेली असणार, असे समजून मी दोन तास घालवले. दोष डिस्कचा नव्हता. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क-नियंत्रकामागे असते आणि विंडोज १० च्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. तेव्हापासून मी इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच उतरवून, उलगडून, त्यातील आयएनएफ (ड्रायव्हर कसा बसवायचा हे सांगणारी) फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवतो. कोऱ्या यादीखालील ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवला की डिस्क हजर होते. काही लॅपटॉपच्या यूईएफआयमध्ये व्हीएमडी बंद करता येते, परंतु तसे केल्यास आत असलेले विंडोज ११ सहसा सुरू होत नाही, याची जाणीव ठेवावी.

सेटअपचा पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा आणि रिकामा असावा, कारण त्यातील सर्व काही पुसले जाते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करणे सर्वांत सोपे. वाडीवर रेंज बेताचीच असेल, तर काही जीबींची ही फाइल रात्री उतरवायला लावावी किंवा तालुक्याच्या गावाहून आणावी. आयएसओ फाइल (संपूर्ण सेटअपची एकच फाइल) वापरायची झाल्यास रुफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) आणि यूईएफआय निवडावे. आयएसओतील मुख्य फाइल बहुधा ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि ती एफएटी३२ या जुन्या मांडणीच्या पेनड्राइव्हवर मावत नाही. रुफस एनटीएफएस ही मोठ्या फायली सामावणारी मांडणी वापरून ती अडचण सोडवतो.

सुरुवात करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी आणि चार्जर जोडलेलाच ठेवावा. पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये. बाह्य हार्डडिस्क काढून ठेवावी, म्हणजे चुकून तीच पुसली जात नाही. लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची कळ दाबून बूट मेनू उघडावा आणि पेनड्राइव्ह निवडावा. सिक्युअर बूट (केवळ विश्वासू कार्यप्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करण्याची एरवी गरज नाही, कारण विंडोज १० ते चालू असतानाही बसते. पुढे ‘कस्टम’ निवडून सर्वांत मोठे, म्हणजे मूळ विंडोजचे पार्टिशन (डिस्कचा विभाग) तेवढे काढावे आणि त्या मोकळ्या जागेवर विंडोज बसवावे. उत्पादकाच्या रिकव्हरीचे पार्टिशन जागेसाठी पुसण्याचा मोह टाळावा.

विंडोज १० सुरू झाल्यावर वाय-फाय दिसले नाही, तर घाबरू नये. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू केले की बहुधा कोणत्याही वेगळ्या ड्रायव्हरविना इंटरनेट मिळते. मग चिपसेट, नेटवर्क, ग्राफिक्स, ध्वनी या क्रमाने ड्रायव्हर बसवावेत आणि डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळे त्रिकोण एकेक करून घालवावेत. विंडोज सक्रिय झाले आहे याची खात्री करून सर्व अद्यतने घ्यावीत. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये (विंडोजचे नियम ठरवण्याच्या सोयीत) लक्ष्य-आवृत्ती म्हणून विंडोज १० आणि २२एच२ अशी नोंद करावी. नाही तर एखाद्या सकाळी मालक नकळत होकार देतो आणि विंडोज ११ पुन्हा येऊन बसते.

फॉन्टचे सॉफ्टवेअर आणि लॉकचा ड्रायव्हर शेवटी बसवावा. ड्रायव्हर बसेपर्यंत लॉक यूएसबीत घालू नये. गेल्या वर्षीचे एखादे पावतीपुस्तक उघडून जोडाक्षरे आणि रफार जागच्या जागी आहेत का, हे छापून पाहावे. त्यानंतर रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवर लॅपटॉपचे मॉडेल आणि तारीख लिहून तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, आणि डबा कुठे आहे हे मालकाखेरीज छापखान्यातील आणखी एकाला सांगून ठेवावे.