इमारत रिकामी, विकासक गायब: रखडलेला पुनर्विकास मार्गी कसा लावावा

सभासद भाड्याच्या घरी गेले, वर्ष-दोन वर्षांत विकासकाने दिलेले भाड्याचे धनादेश न वटता परत येऊ लागले आणि भर बाजारपेठेतली इमारत भकास उभी राहिली. अशा वेळी गृहनिर्माण संस्था आधी नवा विकासक शोधायला धावते. हा क्रम उलटा आहे. जुना करार पुराव्यानिशी संपल्याशिवाय जाणता विकासक पैसा घालत नाही. जो लगेच तयार होतो, त्याच्यापासून चार हात लांब राहिलेले बरे.

सुरुवात इमारतीपासून करा. वीज आणि गॅस रीतसर तोडून घ्या. शेवटची बिले जपून ठेवा, ताब्याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात. गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या करा, रस्त्याच्या बाजूला पत्र्याचे कुंपण घाला. महापालिकेने इमारत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, ठरवली असेल तर पाडकामाची नोटीस मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली आणि इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. पाडण्याआधी प्रत्येक घराचे व दुकानाचे चटईक्षेत्र मोजून त्या तक्त्यावर पालिका अभियंता, संस्था आणि सभासद यांच्या सह्या घ्या. मुंबईत पाडण्याआधी अशी नोंद करण्याचे निर्देश उच्च न्यायालयाने 2014 मध्येच दिले आहेत. भिंती पडल्या की मोजायला काही उरत नाही, आणि पुढची निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात. तळमजल्यावरच्या दुकानदारांच्या बाबतीत तर हे हमखास घडते.

मग कागद गोळा करा: नोंदणीकृत विकास करार, कुलमुखत्यारपत्र, मालमत्ता पत्रक, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), मंजूर नकाशे. विकासकाने विक्रीच्या घरांसाठी महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी केली असेल तर त्या पानावर किती घरे विकली आणि प्रकल्पावर बोजा किती, हे दिसते. विकासक कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिने कर्जासाठी दिलेली तारणे तपासा. त्याच दिवशी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात तिच्याविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज आहे का, तेही बघा. हे टाळू नका. गोरेगावच्या सिद्धार्थनगर (पत्राचाळ) प्रकल्पात दिवाळखोरीची स्थगिती (कंपनीविरुद्धच्या वसुली व कारवाईला मनाई) 2017 मध्ये लागू झाली आणि जमिनीची मालक असलेल्या म्हाडाने करार रद्द केल्याची नोटीस त्यानंतर, जानेवारी 2018 मध्ये दिली. स्थगिती असेपर्यंत विकासकाच्या ताब्यातली जमीन परत घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले. 672 भाडेकरूंचा तो प्रकल्प होता. म्हणून विकासक डबघाईला आलेला दिसत असेल, तर करार रद्द करायला एक महिनाही उशीर लावू नका.

कसूर दाखवणारा तक्ता एका पानाचा असावा: करारातले कलम, त्यातली मुदत, प्रत्यक्षात काय झाले, पुरावा. थकलेले भाडे सभासदवार आणि महिनावार लिहा. ‘काम समाधानकारक नाही’ अशी मोघम वाक्ये लवादापुढे टिकत नाहीत. कसूर दुरुस्त करण्यासाठी करारात जेवढे दिवस दिलेत तेवढे देऊन वकिलामार्फत पहिली नोटीस पाठवा. मुदत उलटल्यावर विशेष सर्वसाधारण सभा घ्या आणि करार व कुलमुखत्यारपत्र या दोन्हींच्या रद्दीकरणाचे ठराव वेगवेगळे करा. कुलमुखत्यारपत्र विसरले तर जुना विकासक त्याच्याच जोरावर पालिकेत अर्ज करत राहतो. रद्दीकरणाची नोटीस, दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना आणि नगररचना विभागाला पत्र, ही तिन्ही कामे एकाच आठवड्यात उरका.

करारात लवादाचे कलम बहुधा असतेच. लवाद कायद्याच्या कलम ९ खाली जागेचा ताबा आणि त्रयस्थ हक्कांना (विकासकाने जागा इतर कुणाला विकणे किंवा गहाण ठेवणे) मनाई मागा. अंतरिम आदेश मिळाला की 90 दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते. जुना विकासक पालिकेकडे भरलेले अधिमूल्य (प्रीमियम) आणि दिलेले भाडे परत मागेल, तेव्हा त्या रकमांचा हिशेब सनदी लेखापालाकडून आधीच तपासून घ्या. त्याच्याकडून घरे घेतलेल्या ग्राहकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये भूमिका स्पष्ट केली आहे: करार रास्तपणे रद्द झाल्यावर त्यांना संस्थेविरुद्ध हक्क सांगता येत नाही, भरपाई त्यांनी जुन्या विकासकाकडे मागायची.

एवढे झाल्यावर नवी निविदा. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे सभेची नोटीस 14 दिवस आधी, गणपूर्ती दोन तृतीयांश, एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती, निबंधकांच्या प्रतिनिधीची हजेरी आणि चित्रीकरण. विकासकाने द्यायच्या, प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमीवर संस्था सर्रास पाणी सोडतात. तसे करू नका, कारण पहिल्या वेळी ती घेतली असती तर भाडे थांबल्यावर हातात काहीतरी असते. हमी बँकेकडून थेट पडताळून घ्या, तिची मुदत भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत राहील असे करारात लिहा, आणि नूतनीकरणाची तारीख उलटायच्या महिनाभर आधी ती वटवण्याचा अधिकार संस्थेकडे ठेवा.