बंद नाट्यगृह उघडलं की आधी टाळी वाजवून बघा

मी फोंडा तालुक्यातला. तीस वर्षं विंगेत पुस्तक धरून बसतोय, म्हणजे प्रॉम्प्टर, नट वाक्य विसरला की हळूच पुरवणारा. नट पडद्यापुढे दिसतो, माझं सगळं कामच कानाचं. म्हणून दुरुस्तीनंतर उघडलेल्या थिएटरात नाटक लावायचं ठरलं की मंडळी तारखेआधी मला पाठवतात.

पणजीच्या कांपालची कला अकादमीच घ्या. संस्था 1970 ची, चार्ल्स कोरियांनी बांधलेली वास्तू 1983 ची. मोठ्या नाट्यगृहाला मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचं नाव आणि भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक. तालमीला हॉल रिकामा असला तरी कुणीतरी बघतंय असं वाटायचं. 2021 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं, ते नोव्हेंबर 2023 मध्ये उघडलं. मधल्या काळात नाट्यस्पर्धेवाल्या मंडळींनी कुठेकुठे तालमी काढल्या, विचारू नका.

तर पद्धत अशी. पंखे, एसी बंद करायला सांगा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभं राहून एकच खणखणीत टाळी वाजवा आणि गप्प राहा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मागची भिंत 17 मीटरांपलीकडे असेल, तर परतीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानंतर पोचतो आणि कानाला दुसरी टाळी ऐकू येते. मग एकाला शेवटच्या रांगेत, एकाला कोपऱ्यात बसवा आणि नटाला पाठमोरं उभं करून साधं वाक्य म्हणायला लावा. 'काय म्हणाला' एवढंच विचारा. 'ऐकू आलं का' विचारलंत तर सगळे मान डोलावतात.

घुमत असेल तर आवाज चढवू नका, घुमणंही चढतं. वाक्य थोडं तोडून म्हणा, सेट पुढे ओढा, जमलं तर मागच्या भिंतीला जाड काळे पडदे लावा. भरलेल्या हॉलमध्ये माणसं नि कपडे बराच आवाज गिळतात. पण पहिल्याच प्रयोगाला हॉल भरेल, या भरवशावर राहू नका.

जमिनीवर अनवाणी चाला. एका नव्याकोऱ्या केलेल्या हॉलमध्ये आमचा राजा प्रवेश घेताना पॉलिशवरून थेट सिंहासनापाशी घसरत गेला. नाटक शोकांतिका होतं, टाळ्या मात्र कडाडून पडल्या. तेव्हापासून मोजड्यांच्या तळाला रबर चिकटवतो.

दर्शनी पडदा दहा वेळा उघडून-मिटून बघा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत कप्प्या गंजतात. दिव्यांचं गणित इलेक्ट्रिशियनला तोंडी विचारू नका, लिहून घ्या: हजार वॅटचा एक स्पॉट साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, वीस लावलेत तर नव्वदच्या घरात.

शेवटी विंगेत प्रॉम्प्टर बसणार कुठे ते बघा. नव्या नकाशात ती जागा बहुधा विसरलेली असते. मी स्टूल घरूनच नेतो.