सोनं-चांदी साठवायला घेताय? या चुका टाळा

लग्नसराई आली की सोलापूरच्या सराफ बाजारात हे वाक्य दर दुकानात ऐकू येतं: "घेऊन टाक गं, सोनं काय वाया जातंय का?" हौसेला माझी ना नाही. पण हारालाच गुंतवणूक म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. 100 रुपयांचं सोनं, 12 टक्के मजुरी, झाले 112. त्यावर 3 टक्के जीएसटी धरून 115 रुपये 36 पैसे. मोडायला गेलात की मजुरी गेली, जीएसटी गेला, शिवाय सराफ वितळवताना कमी होणाऱ्या वजनाची घट धरणार. भाव पंधरा टक्क्यांनी चढला तरी तुमची मुद्दलसुद्धा सुटत नाही! साठवायचं तर मी सरळ वेढणी, म्हणजे शुद्ध सोन्याचं बिननक्षीचं साधं वळं घेतो. बँकेचं नाणं नको. बँक विकते, परत घेत नाही.

दुसरी चूक म्हणजे कच्ची चिठ्ठी. ही मात्र डोक्यात जाते.

पूर्व भागातल्या आमच्या ओळखीच्या एका मावशींनी विडी कारखान्यातून निघताना मिळालेल्या पैशांचा खड्यांचा हार केला. वजन 32 ग्रॅम. "जीएसटी वाचवून देतो की ओ मावशी," म्हणत दुकानदाराने कोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. नातवाच्या कॉलेजच्या फीसाठी हार मोडायला काढला तेव्हा मी सोबत होतो. दुसऱ्या सराफाने चिमट्याने एकेक खडा काढला, खालून भरणीची लाख निघाली, म्हणजे राळ. काटा 26 वर थांबला. टंच, म्हणजे शुद्धता काढली तर 22 कॅरेट म्हणून घेतलेला माल 20 लाही पोचेना. पहिल्या दुकानात गेलो, तर "हा आमचाच कशावरून?" मावशींच्या हातात नुसता कागद, त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही.

हॉलमार्कचा दागिना पक्क्या बिलावर घेतला आणि शुद्धता कमी निघाली, तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो, तशी तरतूद बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या नियमांतच आहे. तीन टक्के वाचवायला मावशींनी हा हक्क सोडला.

म्हणून पैसे देण्याआधी मी भिंग मागतो. बीआयएसचं चिन्ह, 22 कॅरेटला 916, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो तिथंच 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकतो. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळली तरच पुढची बोलणी. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. बिलात खडे वगळून निव्वळ वजन, शुद्धता, भाव, मजुरी आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगवेगळं लिहून घेतो. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

गुरुपुष्य, पाडवा, धनत्रयोदशीला धावत सुटू नका. त्या गर्दीत काटासुद्धा नीट दिसत नाही.

फलकावरचा भाव 24 कॅरेटचा की 22 चा, आधी विचारा.

सराफाकडची 11 हप्त्यांची भिशी म्हणजे दुकानदाराला दिलेली बिनतारण उसनवारी. मी भरत नाही.

एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. "बिलं तोडून देतो" म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठा.

चांदीत लोक आणखी घाई करतात. भाव चढल्याची बातमी आली की पैंजणं घेऊन मोकळे. पैंजणात डागकाम, म्हणजे सांधे जोडायचं काम भरपूर, टंच कमी, आणि मोडीत तुम्हाला टंचाचेच पैसे मिळतात. साठवायला 999 ची, म्हणजे 99.9 टक्के शुद्ध वीट किंवा नाणं बरं. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कलाही एचयूआयडी आहे, पण तो ऐच्छिक, म्हणून मागून घ्यावा लागतो. आणि काळी पडली म्हणून टूथपेस्टने घासू नका, घासाल तेवढं वजन झिजतं.

लॉकरच्या भरवशावर बिनघोर राहणाऱ्यांसाठी: आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच. भाडं 2,000 असेल तर 2 लाख. आत त्याहून जास्त माल असेल तर विम्याचं वेगळं बघा, आणि बिलं लॉकरमध्ये न ठेवता घरी ठेवा.