काळ्या मातीत माशांचं खत

सांगलीत मासे घेताना मी डोकी, कल्ले, आतडी, खवले वेगळ्या पिशवीत मागून घेते, झाडाशेजारी पुरून त्यांचं खत करायला. मासे कापणाऱ्या मावशी आता न सांगताच बाजूला ठेवतात. रोहू-कटला असो की रत्नागिरीकडून आलेला बांगडा, झाडाला दोन्ही चालतात. खारवलेल्या सुक्या मासळीचे तुकडे मात्र नकोत. आपल्याकडच्या जमिनीत क्षार आधीच चढलेले असतात, त्यात मीठ कशाला? तेल-मसाल्यातलं उष्टंही नको.

माशात नत्र (नायट्रोजन) भरपूर असतं आणि मऊ भाग लवकर कुजतो, म्हणून झाड पालवीला जोर धरतं. काट्यांत फुलोऱ्याला लागणारं स्फुरद (फॉस्फरस) असतं खरं, पण कृष्णाकाठची काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीची, सामू (pH) सातच्या वर, म्हणजे अल्कधर्मी. अशा मातीत हाडातलं स्फुरद फार सावकाश सुटतं. तेव्हा फुलोऱ्यासाठी या खतावर विसंबू नका.

सगळ्यात महत्त्वाचा खड्डा. पहारीनं एक हात खोल घ्यायचा, म्हणजे दीड फूट. वीतभर खोलीत पुरलं तर रात्रीत कुत्री उकरतात, मुंगूस आणि घुशीही येतात. खड्डा खोडाला चिकटून नको, आळ्याच्या बाहेरच्या कडेला हवा. अन्न घेणारी बारीक मुळं तिकडंच पसरलेली असतात, आणि ताज्या माशाची कुजताना निघणारी धग खोडाजवळच्या मुळांना लागत नाही. तळाशी उसाचं पाचट किंवा वाळला पाला, त्यावर चार बोटांपेक्षा जाड नाही इतका माशांचा थर, त्यावर माशांच्या दुप्पट पाला आणि थोडं शेणखत. मग फूटभर माती ओढून पायानं चांगली दाबायची. वरून बाभळीच्या काट्या किंवा एखादी फरशी टाकली की दोन-तीन आठवडे निर्धास्त.

वास येऊ नये म्हणून चुलीतली राख टाकायची पद्धत आहे. कृपा करून टाकू नका. राख अल्कधर्मी असते, तिच्यामुळं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ज्यासाठी खटाटोप केला तेच हातचं जातं. वासावर उपाय पाला आणि खोली, दुसरा नाही.

वेळ साधायची ती वाफशाची, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असतानाची. मुठीत दाबलेला गोळा बोटानं ढकलल्यावर फुटला, की जमीन तयार. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत मला सोयीचं जातं. भर पावसात काळी माती पाणी धरून बसते, हवा कोंडते आणि मासा कुजण्याऐवजी सडतो. उन्हाळ्यात उलटं होतं, भेगांतून वास वर येतो आणि माश्या घोंगावतात. पुरायचंच असेल तर आदल्या दिवशी जागा भिजवा आणि भेगा मातीनं बुजवा.

काही महिन्यांनी तीच जागा उकरून बघा. मांस कुठंच नसतं, माती भुसभुशीत झालेली असते, ढेकळात गांडुळं, आणि मध्येच खवले अभ्रकासारखे चमकतात. खवले आणि काटे राहिले म्हणून काळजी करू नका, ते विरायला वेळ घेतात.

पपई, केळ, शेवगा, कढीपत्ता, दुधी यांना हे खत मानवतं. मुळा, गाजर, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या भाज्यांच्या वाफ्यात मी कधीच पुरत नाही.

कुंडीत पुरायला खोली नसते. तिथं फिश अमिनो, म्हणजे मासे गुळात मुरवून केलेलं पातळ खत, करा. गुळाची पेठ आपल्या दारात आहे, रसायन न घातलेला काळा गूळ बघून घ्या. मासे आणि गूळ समान वजनाचे, प्लॅस्टिकच्या बरणीत कालवून वर थोडी जागा मोकळी ठेवायची. काचेची बरणी नको, वायू धरून फुटू शकते. झाकण सैल लावून सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांनी गाळून घ्या. लिटरभर पाण्यात दोन मिली पुरे, संध्याकाळी मुळाशी ओता. गाळलेला चोथा फेकू नका, तो पपईच्या खड्ड्यात घाला, तसाच हातभर खोल.